शेफ स्वतः हजर असतात तेव्हा, आणि नसतात तेव्हा

ज्या रेस्टॉरंटविषयी हे लिहीत आहे, त्याची मालकी आणि स्वयंपाकघर या दोन्हींची सूत्रे एकाच व्यक्तीच्या हाती आहेत, आणि तिथल्या चांगल्या-वाईट अनुभवांचे मूळ बहुतेक वेळा याच एका गोष्टीत सापडते. वेगवेगळ्या निमित्ताने तेथे अनेकदा जेवण झाले. त्यांतली काही जेवणे दीर्घकाळ लक्षात राहावीत इतकी उत्तम होती, एक तर अर्ध्यावर उठून यावे असे वाटण्याइतके वाईट होते, आणि बाकीची या दोहोंच्या मध्ये कुठेतरी होती. रेस्टॉरंटचे नाव मुद्दाम दिलेले नाही. छोट्या जागेत मोजकी माणसे काम करतात. कोणत्या रात्री कोणाचा हात चुकला हे नावानिशी सांगितले तर ते एखाद्याच्या नोकरीवर बेतू शकते, आणि जे सांगायचे आहे ते नावाशिवायही सांगता येते.

कोणत्याही साखळीचा किंवा हॉटेल समूहाचा भाग नसलेल्या रेस्टॉरंटला काही आधार मुळातच नसतात. साखळीतल्या स्वयंपाकघरात प्रत्येक पदार्थाचे वजन, तापमान आणि मांडणी लिहून ठेवलेली असते, एखादा आचारी आजारी पडला तर दुसऱ्या शाखेतून माणूस मागवता येतो, आणि एखादा महिना तोट्यात गेला तरी दार बंद होत नाही. स्वतंत्र ठिकाणी यांपैकी काहीच हाताशी नसते. त्या बदल्यात सकाळी बाजारात उत्तम माल दिसला तर संध्याकाळचा मेन्यू बदलण्याची मुभा असते, आणि जेवणावर एका माणसाच्या आवडीनिवडीची स्पष्ट छाप पडते. चढ्या दराचे स्वतंत्र रेस्टॉरंट निवडणारा ग्राहक याच छापेसाठी पैसे मोजत असतो. साहजिकच, तो माणूस त्या रात्री स्वयंपाकघरात नसेल तर आपण नेमके कशाचे पैसे देत आहोत, हा प्रश्न उभा राहतो.

टेबल मिळवण्यापासूनच अनुभवाला सुरुवात होते. महिन्यातल्या एका ठरावीक दिवशी पुढच्या महिन्याची टेबले खुली होतात, आणि आठवडाअखेरच्या टेस्टिंग मेन्यूचे, म्हणजे शेफने ठरवलेल्या आणि एकामागून एक येणाऱ्या छोट्या पदार्थांच्या (कोर्सच्या) जेवणाचे, पूर्ण पैसे आरक्षण करतानाच भरावे लागतात. जेवणाची अशी आगाऊ तिकिटे विकण्याची पद्धत आता नवलाची राहिलेली नाही. शिकागोतील ‘नेक्स्ट’ने २०११ मध्ये दार उघडले तेच तिकिटे विकून. अनेकांना हा प्रकार उद्धटपणाचा वाटतो. मला तो वाटत नाही. इतक्या लहान जागेत दोन टेबले काहीही न कळवता रिकामी राहिली तर त्या रात्रीचा नफा तिथेच संपतो, आणि त्या टेबलांसाठी साफ करून ठेवलेला मासा दुसऱ्या दिवशी त्याच मोलाचा राहत नाही. मात्र पैसे आधी घेणाऱ्याने दोन गोष्टी स्वच्छ सांगायला हव्यात: किती तास आधी कळवले तर रक्कम परत मिळेल, आणि टेबल किती वेळापुरते आपले आहे. पहिली गोष्ट येथे ठळक लिहिलेली आहे. दुसरी कुठेच लिहिलेली नाही, आणि ती कळते तेव्हा आपण कॉफीची वाट पाहत बसलेलो असतो. आरक्षणाच्या अर्जात ऍलर्जी नोंदवण्यासाठीही एक रकाना आहे; तो भरल्यावर त्याचे काय होते, ते पुढे येईलच.

आधी चांगल्या संध्याकाळीविषयी. आठवड्याच्या मधला दिवस होता आणि शेफ स्वतः पासवर उभ्या होत्या. स्वयंपाकघर आणि जेवणाचे दालन यांच्यामधल्या ज्या ओट्यावर प्लेट अखेरची तपासून बाहेर सोडली जाते, तो हा पास. ऑग्युस्त एस्कॉफिए यांनी १९ व्या शतकाच्या अखेरीस मोठ्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत लष्करी धर्तीची जी शिस्त रूढ केली, तीत सॉस, मासा, भाजलेले मांस, गोड पदार्थ अशी कामाची स्वतंत्र ठाणी असतात, आणि या सगळ्या ठाण्यांचे काम एका टेबलासाठी एकाच वेळी पुरे व्हावे हे पाहणारा माणूस या ओट्याशी उभा असतो. आमच्या टेबलावरून तो ओटा स्पष्ट दिसत होता. शेफ आवाज चढवत नव्हत्या. ऑर्डरची चिठ्ठी वाचायची, संबंधित ठाण्यांकडून होकार घ्यायचा, प्लेट समोर आली की तिच्या कडेला अंगठा टेकवून ती गरम आहे का ते पाहायचे आणि मगच ती वेटरच्या हाती द्यायची, असा त्यांचा क्रम चालू होता. एक प्लेट त्यांनी परत फिरवली. तीत काय बिघडले होते ते इतक्या अंतरावरून कळले नाही, पण ती ज्याने बनवली होती त्याने काहीही न बोलता नवी कढई चुलीवर ठेवली, यावरून अशा प्लेटा तेथे नेहमी परत जात असाव्यात.

पहिल्या कोर्सच्या आधी ब्रेड आला. तो तिथेच भाजलेला, जाड कवचाचा आणि आतून किंचित ओलसर होता, पण लक्ष वेधून घेतले ते सोबतच्या बटरने. महागड्या ठिकाणीही बटर बहुधा फ्रिजमधून थेट टेबलावर येते, आणि ते लावू गेले की ब्रेडच्या चिंधड्या होतात. येथे ते बाहेर काढून मऊ होऊ दिलेले होते, वर मिठाचे जाडसर कण होते, आणि सुरीच्या एका हालचालीत ते काठापर्यंत पसरत होते. यासाठी जास्तीचा पैसा लागत नाही. कोणीतरी वेळेवर आठवण ठेवून ते बाहेर काढावे लागते. चांगल्या रेस्टॉरंटची पारख करायला मला मुख्य पदार्थापेक्षा ही असली बारीकसारीक कामे अधिक उपयोगी वाटतात, कारण मुख्य पदार्थाकडे तर सगळ्यांचेच लक्ष असते.

त्या संध्याकाळचा सर्वांत सरस पदार्थ मासा होता. कातडीच्या बाजूने तव्यावर कडक केलेला, आतून जेमतेम शिजलेला, काटा टेकवताच पाकळ्या सुटाव्यात असा, आणि त्याच्यासोबत वाइन, बारीक कांदा आणि बटर यांचा फिकट, आंबटसर सॉस. आटवलेल्या आंबट द्रवात थंड बटर थोडे थोडे घोटत गेले की हा सॉस तयार होतो. त्यातली चरबी अगदी बारीक थेंबांच्या रूपात द्रवात विखुरलेली असते. साधारण ५८ अंश सेल्सिअसच्या वर तापला की तो फुटतो आणि चरबी वेगळी होऊन वर येते. ३० अंशांच्या खाली निवला की चरबी गोठू लागते, आणि मग पुन्हा गरम केला तरी तो नीट एकजीव राहत नाही. म्हणजे सॉस बनवणे, गर्दीच्या वेळी धरून ठेवणे आणि टेबलापर्यंत नेणे हे सगळे आचाऱ्याला तीसेक अंशांच्या पट्टीत बसवायचे असते. आमच्याकडे तो लहान चंबूतून आला आणि वेटरने तो माशाच्या कडेने ओतला, कातडीवर एक थेंबही न पडू देता. कुरकुरीत कातडी आणि रेशमी सॉस एकाच घासात तोंडात यावेत, ही त्या पदार्थामागची कल्पना होती, आणि ती शेवटच्या घासापर्यंत टिकली.

सेवेतली एक गोष्ट मात्र माशाहूनही अधिक लक्षात राहिली. सोबतच्या काकांना डाव्या कानाने कमी ऐकू येते, आणि हे आम्ही कोणाला सांगितलेले नव्हते. पहिल्या कोर्सचे वर्णन ऐकताना त्यांनी मान वळवून उजवा कान पुढे केला, एवढेच. दुसऱ्या कोर्सपासून वेटर टेबलाला वळसा घालून त्यांच्या उजव्या बाजूला उभा राहून बोलू लागला. काही वेळाने पाणी द्यायला आलेली मुलगी वेगळी होती, आणि तीही न चुकता त्याच बाजूने आली. एकाने पाहिले, दुसरीला सांगितले, आणि आम्हाला त्याचा पत्ताही लागू दिला नाही. घरी परतताना काकांनी पदार्थांविषयी फारसे काही म्हटले नाही, पण ‘‘पोरं फार जपून वागतात इथली’’ असे मात्र दोनदा म्हणाले.

पदार्थांमधले अंतरही त्या रात्री अचूक होते. पूर्वी युरोपातल्या मेजवान्यांत सगळे पदार्थ एकदमच टेबलावर मांडले जात; एकामागून एक कोर्स आणण्याची आजची रीत १९ व्या शतकात ‘रशियन पद्धत’ म्हणून तेथे रूढ झाली. या पद्धतीत पदार्थ गरम मिळतो खरा, पण जेवणाचा वेग पाहुण्याच्या हातून निघून स्वयंपाकघराच्या हाती जातो. तो वेग चांगला सांभाळला गेला की त्याची जाणीवही होत नाही. गप्पा रंगल्या तेव्हा पुढचा कोर्स जरा रेंगाळला, आणि आम्ही गप्प होऊन इकडेतिकडे पाहू लागलो तेवढ्यात तो हजर झाला.

त्या संध्याकाळीही सगळेच उत्तम होते असे नाही. मशरूमचा एक कोर्स धुराने भरलेल्या काचेच्या झाकणाखाली आला. झाकण उचलताच आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक वळून पाहू लागले, पण खाताना धुराव्यतिरिक्त कसलीच चव लागेना. मशरूमला स्वतःचा मातकट, खोल स्वाद असतो, आणि त्याला झाकून टाकणारी ही करामत केवळ छायाचित्रासाठी ठेवली असावी अशी शंका येते. मेन्यू अनेकदा बदलला तरी हा कोर्स अजून टिकून आहे, त्याअर्थी तो अनेकांना आवडत असावा.

आता वाईट संध्याकाळ. आठवडाअखेर होती, सगळी टेबले भरलेली होती, आणि शेफ परगावी गेल्या होत्या. हे शेवटचे आम्हाला नंतर कळले, पण बसल्यापासून अर्ध्या तासात काहीतरी बिनसल्याचा अंदाज आला. आम्हाला स्वयंपाकघराच्या झुलत्या दाराला लागून असलेले टेबल दिले होते, जे खरे तर कोणालाच देऊ नये. प्रत्येक वेळी दार उघडले की भांड्यांचा खणखणाट आणि वाफेचा झोत अंगावर येई. पहिला कोर्स लगेच आला, दुसऱ्यासाठी मात्र इतका वेळ गेला की ब्रेड पुन्हा मागवावा लागला. प्लेटा घेऊन आलेल्या मुलाने ‘‘मासा कोणाचा?’’ असे विचारले. साध्या खाणावळीत या प्रश्नाचे काहीच वाटणार नाही. पण ज्या ठिकाणी कोण कुठे बसले आहे हे ऑर्डर घेतानाच चिठ्ठीवर नोंदवायची रीत आहे, तेथे हा प्रश्न आला की नोंद झाली नाही किंवा कोणी ती वाचली नाही, असा त्याचा अर्थ होतो. आमच्यातली एक जण हात धुवायला गेली असतानाच तिची प्लेट ठेवून तो निघूनही गेला.

मासा तोच होता, मेन्यूवरचे नावही तेच. सॉसच्या कडेने मात्र तेलाचे पिवळे वलय सुटले होते आणि मध्ये पाणचट भाग उरला होता. म्हणजे तो फुटलेला होता. माशावर पांढरट साय जमली होती, जी जास्त शिजल्यावर आतले प्रथिन बाहेर येऊन थिजते तेव्हा दिसते. कातडी चामट झाली होती, कारण प्लेट तयार होऊन गरम दिव्याखाली बराच वेळ पडून राहिली की खालून येणाऱ्या वाफेने कातडीचा कुरकुरीतपणा जातो. हे तिन्ही दोष एकाच ठिकाणाकडे बोट दाखवत होते. पासवर ठाण्यांचा मेळ बसत नव्हता, एक पदार्थ दुसऱ्याची वाट पाहत होता, आणि वाट पाहण्यात दोन्ही बिघडत होते.

फुटलेला सॉस त्या रात्री पासवर उभ्या असलेल्या माणसाला दिसलाच नसेल, असे मला वाटत नाही. इतक्या वरच्या दर्जाच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्याला तो नजरेनेच कळतो. तो टाकून देऊन नवा करायला काही मिनिटे लागली असती, आणि ती मिनिटे मागण्याचा अधिकार आपल्याला आहे असे त्या माणसाला वाटत नव्हते, हेच अधिक संभवनीय आहे. शेफ असताना प्लेट परत फिरते, कारण ती फिरवणारी व्यक्ती मालकही असते. त्यांच्या माघारी तोच निर्णय पगारी माणसाला घ्यावा लागतो, तोही भरलेल्या दालनाच्या आणि थांबलेल्या टेबलांच्या दडपणाखाली. हा अधिकार कोणाकडे तरी सोपवणे हे या रेस्टॉरंटचे खरे अपुरे राहिलेले काम आहे. आचाऱ्यांचे कौशल्य येथे कधीच कमी पडलेले नाही.

मिशलाँ गाइडचे निरीक्षक तारे देताना जे निकष लावतात त्यांत मालाचा दर्जा, पाककौशल्य, चवींचा मेळ आणि पदार्थांतून दिसणारे शेफचे व्यक्तिमत्त्व यांच्यासोबत सातत्यही येते, संपूर्ण मेन्यूत आणि काळाच्या ओघात, दोन्ही प्रकारे. मोटारींचे टायर बनवणाऱ्या कंपनीने १९०० मध्ये वाहनचालकांसाठी काढलेल्या या पुस्तिकेत तारे १९२६ मध्ये आले आणि एक ते तीन ताऱ्यांची श्रेणी १९३१ मध्ये. त्या व्यवस्थेविषयी आक्षेप पुष्कळ आहेत, आणि त्यांतले काही मला पटतातही. पण सातत्याला निकषांत स्थान देण्यात ती चुकलेली नाही. पहिल्या चार निकषांवर हे रेस्टॉरंट चांगल्या रात्री कोणाच्याही पंक्तीत बसू शकेल. पाचव्यावर ते अडखळते.

सर्वांत गंभीर प्रसंग जेवणाच्या शेवटी घडला. आमच्यातल्या एकीला हेझलनटची ऍलर्जी आहे, आणि ती आरक्षणाच्या अर्जात नोंदवलेली होती. तरीही गोड पदार्थ आला तो चॉकलेटवर भाजलेल्या हेझलनटचा चुरा पसरलेला. वेटरला दाखवले तेव्हा तो म्हणाला, ‘‘वरचा चुरा काढून देऊ का?’’ ऍलर्जीत चुरा काढून टाकल्याने काही साधत नाही. राहिलेला अंशही पुरेसा असतो. युरोपीय संघाच्या नियमांनुसार डिसेंबर २०१४ पासून १४ प्रकारच्या ऍलर्जनांची माहिती रेस्टॉरंटांनाही देणे बंधनकारक आहे, आणि हेझलनटसारखी कवचफळे त्या यादीत आहेत, यावरून हा विषय किती जोखमीचा मानला जातो ते ध्यानात यावे. चामट कातडी माफ करता येते, हे माफ करता येत नाही. पदार्थ दिसताच ओळखता आला म्हणून निभावले. तोच चुरा क्रीममध्ये वाटून घातला असता तर काय झाले असते याचा विचारही नको.

तक्रार केल्यावर व्यवस्थापक आले, दिलगिरी व्यक्त केली आणि एक गोड पदार्थ रेस्टॉरंटतर्फे देऊ केला. त्यांचे बोलणे सभ्य होते, तरी नेमके काय बिघडले ते त्यांनी विचारले नाही, आणि माशाविषयी सांगितले तेव्हा तो अर्धा खाऊन झाला आहे याकडे त्यांची नजर गेली. माझ्या मते त्या क्षणी करण्यासारखे काम एकच होते: उरलेली प्लेट उचलून स्वयंपाकघरात न्यायची आणि ती पुन्हा करून आणायची. फुकट गोड पदार्थ देणे सोपे असते, कारण तो तयार असतो.

दुसऱ्या दिवशी शेफना सविस्तर लिहिले, आणि त्यांचे उत्तर त्याच संध्याकाळी आले. उत्तरात सवलतीचा उल्लेख नव्हता, सारवासारवही नव्हती. अर्जातली ऍलर्जीची नोंद आरक्षणाच्या यादीत दिसते, पण स्वयंपाकघरात छापून जाणाऱ्या चिठ्ठीवर ती आपोआप उतरत नाही. ती वेटरने हाताने लिहायची असते आणि त्या रात्री ती लिहिली गेली नव्हती, असे त्यांनी साध्या शब्दांत कळवले. यापुढे टेबलावर बसताच ऍलर्जी तोंडी विचारून खात्री करायची आणि त्या पाहुण्याची चिठ्ठी वेगळ्या रंगाची ठेवायची, हा बदल केल्याचेही सांगितले. फुटलेल्या सॉसविषयी त्यांनी एकच वाक्य लिहिले होते: ‘‘तो बाहेर जायलाच नको होता.’’

चूक उत्तम रीतीने निस्तरली तर ग्राहक चूक न झालेल्या ग्राहकापेक्षाही अधिक खूश होतो, असे सेवा व्यवसायात मोठ्या विश्वासाने सांगितले जाते. या कल्पनेला मॅककॉलो आणि भारद्वाज या अभ्यासकांनी १९९२ मध्ये नाव दिले, तेव्हापासून ती व्यवस्थापनाच्या वर्गांतून फिरते आहे. पुढे २००७ मध्ये अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहण्यात आले, तेव्हा समाधान वाढते हे खरे ठरले, पण पुन्हा येण्याचा इरादाही तसाच वाढतो असे दिसले नाही. आमचे काहीसे तसेच झाले. पत्राने समाधान झाले, तरी पुन्हा आरक्षण करायला बरेच महिने गेले.

पुन्हा गेलो तेव्हा बदल खरोखर झालेला दिसला. बसताच ऍलर्जी विचारली गेली, चिठ्ठी वेगळ्या रंगाची होती, आणि आमच्या टेबलाचा गोड पदार्थ स्वतंत्र ट्रेमधून, बाकीच्या प्लेटांपासून दूर धरून आणला गेला. शेफ त्या रात्रीही नव्हत्या, आणि म्हणूनच ती भेट महत्त्वाची वाटते. मासा चांगला होता. पहिल्या वेळची नजाकत त्यात नव्हती, पण सॉस शाबूत होता, कातडी कुरकुरीत होती, आणि दोन कोर्समधले अंतर सुसह्य होते. सरासरी सुधारली आहे, असे त्या भेटीनंतर खात्रीने म्हणता येते. शिखर गाठायला मात्र अजूनही शेफच लागतात.

वाइनची बाजू येथे आश्चर्य वाटावे इतकी भक्कम आहे. सोमेलिए, म्हणजे वाइनची निवड आणि वाढप पाहणारे जाणकार, बाटली उघडून आधी स्वतः थोडी चाखतात, आणि एकदा त्यांनी आमच्यासाठी उघडलेली बाटली ग्लासात ओतण्याआधीच बाजूला ठेवून दुसरी आणली. बुचातून येणाऱ्या टीसीए नावाच्या संयुगाने वाइनला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो, आणि त्याची अत्यल्प मात्राही फळांचा सुगंध मारून टाकते. ही वाइन खराब आहे हे ओळखून परत करण्याचे ओझे पुष्कळ ठिकाणी पाहुण्यावर पडते, आणि बहुतेक पाहुणे संकोचाने गप्प राहतात. ज्यांना वाइन घ्यायची नसते त्यांच्यासाठी कोर्सगणिक बनवलेली पेयेही आहेत, पण ती गोडाकडे फार झुकतात आणि चौथ्या-पाचव्या ग्लासानंतर नकोशी होतात.

आवाज हा येथला कायमचा दोष आहे. सिमेंटची उघडी जमीन, मोठ्या काचा, उंच छत आणि एकही पडदा नाही, त्यामुळे दालन भरले की शेजारच्याशी बोलायलाही आवाज चढवावा लागतो, आणि सगळेच तो चढवतात. कॉर्नेल विद्यापीठात २०१५ मध्ये झालेल्या एका प्रयोगात विमानातल्याइतक्या गोंगाटात गोड चव मंद आणि उमामी, म्हणजे मशरूम किंवा मांसाच्या रस्श्यात लागते तशी खमंग चव, तीव्र जाणवत असल्याचे आढळले होते. शेवटचे दोन गोड कोर्स गर्दीच्या रात्री फिके का वाटतात, याला हेही एक कारण असू शकेल. छताला ध्वनिशोषक पट्ट्या लावण्याचा खर्च धुराच्या झाकणांपेक्षा फार जास्त नसावा.

बिलात सेवाशुल्क आधीच धरलेले असते आणि त्याखाली आणखी टिपसाठी रिकामी जागाही छापलेली असते, हे मला पटलेले नाही. सेवाशुल्क कोणाला मिळते, त्यात स्वयंपाकघराचा वाटा आहे का, हे विचारल्यावर वेटरने प्रामाणिकपणे उत्तर दिले, की वाटा आहे. मग तसे बिलावरच लिहायला काय हरकत आहे? हा प्रश्न सोपा नाही हे मान्य आहे. न्यूयॉर्कचे डॅनी मेयर यांनी २०१५ मध्ये आपल्या रेस्टॉरंटांतून टिप बंद करून सगळा मोबदला पदार्थांच्या दरातच धरण्याचा निर्णय घेतला, त्याचा बराच गाजावाजा झाला, आणि २०२० मध्ये तो त्यांना मागे घ्यावा लागला. पण टिप घ्यावी की नाही हा एक प्रश्न, आणि पाहुण्याला दोनदा द्यायला लावावे का हा दुसरा. त्याचप्रमाणे, मुख्य पदार्थावर ट्रफल (एक सुवासिक, महागडे भूछत्र) किसून देऊ का असे वेटर गोड आवाजात विचारतो तेव्हा त्यासाठी वेगळा आकार पडेल हे त्याच वाक्यात सांगायला हवे. एकदा ते सांगितले गेले नाही आणि बिलात त्याची स्वतंत्र ओळ निघाली. हरकत घेतल्यावर ती काढून टाकली, वाद घातला नाही.

आता शिफारस. एखाद्या खास दिवसासाठी येथे जायचे असेल तर आठवड्याच्या मधला वार निवडावा, आणि आरक्षण करण्याआधी फोन करून शेफ त्या दिवशी असणार का ते सरळ विचारावे. विचारल्यावर खरे उत्तर मिळते, असा अनुभव आहे. टेबल मागताना स्वयंपाकघराच्या दारापासून दूरचे, पण पास दिसेल असे मागावे. ऍलर्जी असेल तर अर्जात लिहूनही बसल्यावर पुन्हा सांगावी. लहान मुलांना घेऊन टेस्टिंग मेन्यूला जाऊ नये. लोक नाके मुरडतात म्हणून नव्हे, इतका वेळ एका जागी बसणे मुलांना जमत नाही म्हणून. चीजचा जादा कोर्स घेण्यासारखा नाही, कारण चीज थंडगार येते आणि सोबतचे बिस्कीट नरम असते. चॉकलेटचा सूफ्ले (फेटलेल्या अंड्यांनी भट्टीत फुगवलेला हलका गोड पदार्थ) मात्र अवश्य घ्यावा, आणि तो मुख्य पदार्थ सांगतानाच सांगून ठेवावा. तो ऑर्डर मिळाल्यावरच भट्टीत जातो, त्याला वीसेक मिनिटे लागतात, आणि बाहेर आल्यावर तो फुगलेला राहतो तो काही मिनिटेच, त्यामुळे आयत्या वेळी मागितला तर टेबलाची वेळ संपत आल्याचे कारण सांगून येथे तो नाकारला जातो.